दर अठरा महिन्यांनी दुप्पट : एका तक्त्याचे परीक्षण

शालेय विज्ञान प्रदर्शनांत परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हाला दरवर्षी येतो. ज्वालामुखी, सौरचूल, ठिबक सिंचन यांच्या जोडीला एक तक्ता हमखास असतो, तो संगणकाच्या प्रगतीचा. गेल्या हिवाळ्यात काळाचौकीतील एका शाळेत असाच एक तक्ता आम्ही पाहिला. तो या जातीतला उत्तम तक्ता होता, म्हणूनच त्याच्याविषयी सविस्तर लिहीत आहोत. आळसाने केलेल्या तक्त्यावर टीका करण्यात अर्थ नसतो. मेहनतीने केलेला तक्ता चुकतो तेव्हा ती चूक सहसा विद्यार्थ्यांची नसते, ती आपल्या सगळ्यांची असते.

नववीच्या तीन मुलींनी तो केला होता. डावीकडे निर्वात नलिका, मग ट्रान्झिस्टर, मग चिप, अशी चित्रे. मधोमध वर चढत जाणारी रेषा. खाली लाल शाईत तीन वाक्ये होती. पहिले, ट्रान्झिस्टर जितका लहान तितका संगणक वेगवान. दुसरे, मूरच्या नियमानुसार संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो. तिसरे, आजच्या चिपमधला ट्रान्झिस्टर अवघा ३ नॅनोमीटरचा असतो.

ही वाक्ये मुलींनी स्वतः रचलेली नाहीत. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत, संगणक विकणाऱ्या दुकानदाराच्या तोंडी ती वर्षानुवर्षे फिरत आहेत. आमच्या मते यातले पहिले अर्धे खरे आहे, दुसरे चूक आहे आणि तिसऱ्यात नाव आणि माप यांची गल्लत झाली आहे. गल्लत आमच्या आधी पकडली ती एका मुलीच्या आजोबांनी, म्हणून तिसऱ्या वाक्यापासूनच सुरुवात करू.

आजोबा १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. काळाचौकीत हे नवलाचे नाही. इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन क्रमांकांच्या गिरण्या इथल्याच. तक्ता नीट वाचून झाल्यावर त्यांनी नातीला विचारले, "तीन म्हणजे कशाची लांबी मोजलीत गं पोरी?"

"ट्रान्झिस्टरची, आजोबा."

"त्याची लांबी, का रुंदी, का एकापासून दुसऱ्याचं अंतर?"

मुलीने बाईंकडे पाहिले, बाईंनी आमच्याकडे.

आजोबांच्या प्रश्नामागे आयुष्यभराची सवय होती. सुताला नंबर असतो, आणि तो मोजून काढलेला असतो. ८४० यार्डांची एक लड, अशा किती लडी मिळून एक पौंड वजन भरते तो सुताचा नंबर. ४० नंबरचे सूत म्हणजे पौंडाला ४० लडी, अर्थात ३३,६०० यार्ड. नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. कोणालाही लड गुंडाळून, तराजूत घालून तो पडताळता येतो. व्यापाऱ्याने ६० नंबर सांगून ४० नंबरचा माल दिला तर ते तराजू लगेच दाखवतो.

चिपच्या ३ नॅनोमीटरला असा तराजू नाही. ज्या तंत्राला उद्योगात '३ नॅनोमीटर' म्हणतात, त्यात शेजारशेजारच्या दोन गेटमधले अंतर ४५ ते ५० नॅनोमीटर असते, आणि सर्वांत बारीक तारा मध्यापासून मध्यापर्यंत साधारण २३-२४ नॅनोमीटरवर असतात. तीन नॅनोमीटर लांबीचे असे त्यात काहीच नसते. सिलिकॉनच्या स्फटिकातली एक घडण सुमारे ०.५४ नॅनोमीटरची असते. म्हणजे तीन नॅनोमीटरमध्ये जेमतेम पाच-सहा घडणी मावतील! हा आकडा आता पिढीचे नाव आहे. कधीकाळी ते माप होते. गेटची लांबी खरोखरच त्या आकड्याजवळ असे. १९९० च्या दशकाच्या शेवटी नाव आणि माप यांची फारकत झाली. गंमत म्हणजे पहिली चूक उलट्या दिशेची होती. २००० नंतर आलेल्या १३० नॅनोमीटरच्या तंत्रात गेटची प्रत्यक्ष लांबी सुमारे ७० नॅनोमीटर, म्हणजे नावापेक्षा कमी होती. पुढे लांबी कमी होण्याचा वेग मंदावला आणि नावे मात्र ठरलेल्या पायऱ्यांनी खाली उतरत राहिली.

आता दुसरे वाक्य. मूर यांचा नियम सगळे सांगतात, पण मूर यांचा लेख फार थोड्यांनी वाचलेला असतो. लेख जेमतेम चार पानांचा आहे. 'इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकन नियतकालिकाच्या १९ एप्रिल १९६५ च्या अंकात तो आला. गॉर्डन मूर तेव्हा फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर या कंपनीत संशोधनाचे प्रमुख होते. इंटेल कंपनी त्यानंतर तीन वर्षांनी स्थापन झाली.

लेखाचा विषय वेग नाही, खर्च आहे. मूर यांचा युक्तिवाद असा. एका चिपवर घटक फार थोडे ठेवले तर चिप बनवण्याचा आणि तिच्या आवरणाचा खर्च थोड्याच घटकांवर पडतो. फार जास्त कोंबले तर कुठेतरी दोष राहून चिप फुकट जाण्याची शक्यता वाढते. या दोहोंच्या मध्ये एक संख्या अशी असते, की जिथे प्रत्येक घटकामागचा खर्च सर्वांत कमी असतो. १९६५ मध्ये ही संख्या ५० च्या आसपास होती, ती दरवर्षी दुप्पट होत होती, आणि म्हणून १९७५ पर्यंत ती ६५,००० होईल असा त्यांचा अंदाज होता. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच दुपटीचा काळ वाढवून दोन वर्षे केला. १८ महिने हा आकडा त्यांचा नव्हे. इंटेलमधील त्यांचे सहकारी डेव्हिड हाउस यांच्याकडे त्याचे श्रेय जाते, आणि तो संगणकाच्या एकंदर कार्यक्षमतेविषयी होता. आपल्या तक्त्यांवर दोघांच्या विधानांची खिचडी झाली आहे.

वेगाचा उल्लेख मूर करतात तो उष्णतेविषयीच्या छोट्या परिच्छेदात. हजारो घटक एका चिपवर आणले तर त्यांची उष्णता बाहेर कशी काढायची, असा प्रश्न ते स्वतःच उपस्थित करतात. आकार लहान केला तर दर क्षेत्रफळामागे तेवढीच शक्ती खर्चून जास्त वेगाने काम करता येईल, असे उत्तरही देतात. 'तेवढीच शक्ती खर्चून' या शब्दांत पुढची सगळी कथा दडली आहे.

मूर यांच्या लेखावरही आमचा एक आक्षेप आहे, पण त्यात दोष त्यांचा कमी आणि नामकरण करणाऱ्यांचा जास्त. पाच-सहा वर्षांच्या मोजक्या बिंदूंवरून ओढलेल्या रेषेला नियम म्हणणे योग्य नव्हते. नववी-दहावीच्या मुलाला ओहमचा नियम माहीत असतो. तार, विद्युतघट आणि ॲमीटर घेऊन तो वर्गात पडताळता येतो. त्याच शब्दाने मूरचा नियम शिकवला की मुलाला वाटते, हाही निसर्गाचा कायदा असणार, सिलिकॉनचा तसा स्वभावच असणार. वस्तुतः तो कारखानदारीतला ठोकताळा आहे. पुढे उद्योगाने त्यालाच वेळापत्रक मानले आणि ते पाळण्यासाठी जिवापाड मेहनत केली, म्हणून तो इतकी वर्षे टिकला. वर्गात 'मूरचा ठोकताळा' असा शब्द वापरायला काय हरकत आहे?

ठोकताळा मोजून पाहता येतो, आणि हे गणित वर्गात जरूर करावे. १९७१ च्या इंटेल ४००४ या चिपवर २,३०० ट्रान्झिस्टर होते. २०२० च्या ॲपल एम-१ चिपवर १६ अब्ज. वाढ सुमारे ७० लाख पट. पहिल्या चिपसाठी तक्त्यावर एक मिलिमीटर उंचीचा स्तंभ काढला तर दुसरीसाठी सात किलोमीटर उंच कागद लागेल. मुलींच्या तक्त्यावरची सौम्य चढण कशी काढली होती असे आम्ही विचारले, तर एका चित्रावरून उतरवून घेतली, असे प्रामाणिक उत्तर मिळाले. मूळ चित्रात उभ्या अक्षावर दर पायरीला दहापट असे प्रमाण असणार. उतरवताना पायऱ्यांवरचे आकडे गळाले होते. असो. ७० लाख पट म्हणजे २ चा पावणेतेवीसावा घात. ४९ वर्षांत पावणेतेवीस वेळा दुप्पट, म्हणजे एका दुपटीला सुमारे दोन वर्षे दोन महिने. मूर यांचा सुधारलेला अंदाज जवळपास बरोबर ठरला.

आता हेच घड्याळाच्या वेगाचे करू. चिपमधले घड्याळ म्हणजे एका सेकंदात किती ठोके पडतात ती वारंवारता. ४००४ ची ७४० किलोहर्ट्झ. नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या पेन्टियम-४ ची ३.८ गिगाहर्ट्झ. ३३ वर्षांत पाच हजार पटींहून जास्त. दुपटीला सरासरी दोन वर्षे आठ महिने. १८ महिने तेव्हाही नव्हते! त्यापुढे मात्र रेषा आडवी झाली. २०२४ च्या मार्चमध्ये इंटेलने विकायला काढलेली मेजावरच्या संगणकाची चिप क्षणभर जास्तीत जास्त ६.२ गिगाहर्ट्झपर्यंत जाते. वीस वर्षांत एकदाही दुप्पट नाही. तक्त्यावरचे वाक्य खरे असते तर २०२४ मध्ये हा आकडा ३९ हजार गिगाहर्ट्झच्या घरात असता. त्याच वीस वर्षांत ट्रान्झिस्टर लहान होतच राहिले. मग पहिल्या वाक्याचे काय? लहान म्हणजे वेगवान, हे कुठे अडले?

इथे १९७४ सालच्या एका शोधनिबंधाकडे वळावे लागते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा निबंध मूर यांच्या लेखाइतका प्रसिद्ध नाही, पण आमच्या मते शिक्षकांसाठी त्याहून मोलाचा आहे, कारण त्यात भौतिकी आहे. ट्रान्झिस्टर चालू-बंद करणे म्हणजे एका छोट्या धारित्रात विद्युतप्रभार भरणे आणि रिकामा करणे. त्यासाठी खर्च होणारी शक्ती तीन गोष्टींच्या गुणाकारावर अवलंबून असते. धारिता, विद्युतदाबाचा वर्ग आणि घड्याळाची वारंवारता. आता ट्रान्झिस्टरची प्रत्येक बाजू ०.७ पट करू. धारिता ०.७ पट होते. विद्युतदाबही ०.७ पट केला तर त्याचा वर्ग ०.४९ पट. अंतर कमी झाल्याने घड्याळ १.४ पट वेगाने चालवता येते. तिन्हींचा गुणाकार साधारण ०.४९. आणि ट्रान्झिस्टरने व्यापलेले क्षेत्रफळही ०.४९ पटच झाले आहे. म्हणजे दर चौरस मिलिमीटरमागे उष्णता होती तेवढीच! ट्रान्झिस्टर दुप्पट, वेग दीडपटीला आलेला आणि तापणे पूर्वीइतकेच. तीस वर्षे संगणक उद्योग या गुणाकारावर जगला.

आता विद्युतदाब कमी न करता हाच गुणाकार करा. ०.७ गुणिले १ गुणिले १.४, म्हणजे जवळजवळ १. शक्ती तेवढीच, क्षेत्रफळ मात्र निम्मे. उष्णता दर पिढीला दुप्पट. 'लहान म्हणजे वेगवान' हे वाक्य पुरे करायचे तर त्यात 'आणि विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवता आला तर' एवढे जोडावे लागेल. तक्त्यावर नेमके तेच नव्हते. ते आम्ही पाहिलेल्या कोणत्याच तक्त्यावर नसते.

विद्युतदाब उतरवायला अडचण काय? चाळीतला नळ आठवा. नळ बंद केला तरी थेंब गळतात. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडी धारा झिरपत असते, कारण खोलीच्या तापमानाला काही इलेक्ट्रॉनांकडे अडथळा ओलांडण्याइतकी उष्मीय ऊर्जा असतेच. हा अडथळा ओलांडायला गेटवर जो किमान विद्युतदाब लागतो, तो ६० मिलिव्होल्टने कमी केला की गळती दहापटीपर्यंत वाढते. ही मर्यादा कारागिरीची नाही, तापमानाची आहे. उत्तम कारखान्यातही ती चुकत नाही. एका नळाची गळती सोसता येते. अब्जावधी नळ गळू लागले तर टाकी रिकामी होते. त्यातच गेटखालचा सिलिकॉन डायऑक्साइडचा थर २००४ च्या सुमारास १.२ नॅनोमीटरपर्यंत, म्हणजे अणूंच्या चार-पाच थरांपर्यंत पातळ झाला होता. पुंजयामिकीच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉन त्याच्या आरपारही निसटू लागले.

परिणाम काय झाला ते त्याच ३.८ गिगाहर्ट्झच्या पेन्टियम-४ वरून पाहा. ११२ चौरस मिलिमीटरच्या तुकड्यात ११५ वॅट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १०० वॅटच्या वर. घरची १००० वॅटची इस्त्री तिच्या सुमारे २०० चौरस सेंटिमीटरच्या तळाला दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट देते. इस्त्रीच्या वीसपट! ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झची जाहीर केलेली चिप रद्द केली.

त्यानंतर ट्रान्झिस्टर सुधारण्याचे काम थांबले नाही, त्याचा हेतू बदलला. २००७ मध्ये गेटखाली हाफ्नियमयुक्त थर आला. जाड असूनही तो पातळ थराचे काम करतो. मग ट्रान्झिस्टरचा आकारच बदलला. रबरी नळीतले पाणी अडवायला ती वरून एका बोटाने दाबली तर खालून पाणी जातेच. तिन्ही बाजूंनी दाबली तर कमी जाते, मुठीत आवळली तर थांबते. पूर्वी गेट वरून दाबत असे. २०११ मध्ये इंटेलने जाहीर केलेल्या उभ्या पात्याच्या रचनेत ते तिन्ही बाजूंनी दाबते, आणि २०२२ पासून सॅमसंगने उत्पादनात आणलेल्या रचनेत चारही बाजूंनी. आपल्या पवईच्या आयआयटीत २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे. वापराने ट्रान्झिस्टर कसा 'म्हातारा' होतो, यावर तिथे झालेले काम जगभर वापरले जाते. तक्त्यावर पवई नव्हती, आणि मुंबईतच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० मध्ये पूर्णपणे चालू झालेला, निर्वात नलिकांचा टिफ्रॅकही नव्हता. निर्वात नलिकेचे चित्र होते ते अमेरिकेच्या एनियाकचे. ही उणीव मात्र शिक्षकांनी सहज भरून काढावी अशी आहे.

घड्याळ थांबले, ट्रान्झिस्टर मात्र मिळतच राहिले. त्यांचे करायचे काय? २००५ पासून घरगुती संगणकांच्या एकाच चिपवर दोन, मग चार, मग आठ गाभे बसवले जाऊ लागले. ही वाट महाराष्ट्राला परकी नव्हती. अमेरिकेने शक्तिमान महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. एकच अतिवेगवान प्रक्रियक बनवणे आपल्याला शक्य नव्हते, म्हणून ट्रान्सप्युटर नावाचे साधे प्रक्रियक डझनांनी जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेतले. पुण्याने जे गरजेपोटी केले ते चौदा वर्षांनी घराघरांत आले, आणि तेही नाइलाजानेच.

पण आठ गाभे म्हणजे आठपट वेग, असे नवे वाक्य आता तक्त्यांवर येऊ लागले आहे, तेही तपासायला हवे. गिरणगावातल्या खाणावळीचे उदाहरण घेऊ. कणीक मळायला ६ मिनिटे लागतात आणि ते काम एकटीच करू शकते. पोळ्या लाटून भाजायला एकटीला ५४ मिनिटे. एकूण एक तास. आता नऊ जणी लाटायला बसल्या तर त्या कामाला ६ मिनिटे पुरतील, पण कणीक मळायची ६ मिनिटे तशीच राहतील. एकूण १२ मिनिटे. नऊ जणी, वेग पाचपट. आणि शंभर जणी आणल्या तरी दहापटीच्या पुढे जाता येणार नाही. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये संगणकांबाबत हेच दाखवले. हा मात्र खराखुरा नियम आहे, कारण तो अंकगणितातून निघतो.

या आकड्यांना वर्गाबाहेरही किंमत आहे. आठ बाय दहाच्या खोलीत राहणारे एखादे कुटुंब मुलीसाठी संगणक घेते, तेव्हा दुकानदार गिगाहर्ट्झ, नॅनोमीटर आणि गाभे असे तीन आकडे फेकतो, आणि मोठ्या आकड्यासाठी काही हजार जास्त मोजले जातात. शाळेच्या कामाला त्या फरकाचा उपयोग क्वचितच होतो. तोच पैसा जास्त स्मृतीसाठी वापरला तर फरक जाणवेल, कारण मुख्य स्मृतीतून एक शब्द आणायला प्रक्रियकाला आजही घड्याळाचे दोन-तीनशे ठोके थांबावे लागते, आणि स्मृती अपुरी पडून तबकडीकडे जावे लागले तर त्याच्या कितीतरी पट. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत धोलेरा येथे २८ नॅनोमीटर आणि त्यावरच्या तंत्रांच्या कारखान्याची पायाभरणी झाली, तेव्हा आमच्याच एका बारावीच्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, जग ३ वर आणि आपण २८ वर, मग उपयोग काय?" मोटारी, मीटर, यंत्रांची नियंत्रणे यांना लागणाऱ्या असंख्य चिपा याच तंत्रांत बनतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ज्याला आकडा म्हणजे शर्यतीतले स्थान वाटते, त्याला असेच वाटणार.

म्हणून मुलींना आम्ही तक्ता बदलताना दोन गोष्टी सुचवल्या. एक, ट्रान्झिस्टरांची संख्या आणि घड्याळाची वारंवारता यांच्या दोन वेगळ्या रेषा काढाव्यात आणि खाली विद्युतदाबाचा एक स्तंभ द्यावा : १९८० च्या दशकातले ५ व्होल्ट, मग ३.३, २००४ च्या आसपास १.३ आणि आज पाऊण-एक व्होल्ट. रेषा कुठे आणि का वळली ते पाहणाऱ्याला आपोआप दिसेल. दुसरी गोष्ट, चित्रासाठी आयआयटी मुंबईने बनवलेला आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला 'अजित' हा प्रक्रियक घ्यावा. चंदीगडजवळ मोहालीच्या शासकीय प्रयोगशाळेत १८० नॅनोमीटरच्या तंत्रात तो बनला. वेग ७० ते १२० मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या हिशेबात मंदच. पण त्या तंत्रात १८० हा आकडा अजून गेटच्या लांबीचाच आहे. आजोबांनी पुन्हा विचारले तर बोट ठेवून दाखवता येईल.

तक्त्याला आम्ही दुसरा क्रमांक दिला. पहिला ठिबक सिंचनाला गेला. त्यात मुलांनी दर तासाला किती थेंब पडतात ते मोजले होते.